नशा दारात, उतारा वेशीबाहेर

कर्मिट हे अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यातलं डोंगरातलं गाव. वस्ती चारशेच्या आसपास. या गावातल्या एका औषधाच्या दुकानात दोन वर्षांत हायड्रोकोडोन नावाच्या वेदनाशामकाच्या सुमारे ९० लाख गोळ्या येऊन पडल्या. पाळण्यातलं पोर आणि खाटेवरची आजी धरून हिशेब केला तर माणशी साडेबावीस हजार, म्हणजे रोजच्या तीस. एवढं दुखतंय तरी काय या गावाचं, असा प्रश्न घाऊक पुरवठादारांना पडला नाही. माल येत राहिला. डोंगर आडवा आला नाही, खड्डा आडवा आला नाही, ‘दुर्गम भागात सेवा देणं परवडत नाही’ हे वाक्य कोणाच्या तोंडून निघालं नाही. (सगळ्या गोळ्या गावानेच खाल्ल्या असं नव्हे. लांबलांबून गाड्या येत, दुकानाबाहेर रांगा लागत. त्या रांगा बराच काळ कोणाला खटकल्या नाहीत, एवढंच.)

हे आकडे बाहेर काढले ते चार्ल्सटन गॅझेट-मेल या स्थानिक वर्तमानपत्राच्या एरिक आयर यांनी. २०१७ साली त्यांना त्यासाठी पुलित्झर मिळालं. जेमतेम साडेअठरा लाखांच्या त्या राज्यात सहा वर्षांत दोन जातींच्या वेदनाशामकांच्या ७८ कोटी गोळ्या उतरल्या आणि त्याच सहा वर्षांत त्या दोन औषधांच्या अतिमात्रेने १,७२८ माणसं गेली. खाणीत नि लाकडाच्या गिरण्यांत पाठी मोडून घेतलेली माणसं तिथे होतीच. त्यात १९९६ पासून पर्ड्यू कंपनीचे प्रतिनिधी डॉक्टरांना पटवत होते की आमच्या ऑक्सिकॉन्टिनची सवय सहसा लागत नाही. २००७ साली कंपनीने कोर्टात दिशाभूल कबूल केली, साठ कोटी डॉलरच्या वर रक्कम भरली आणि धंदा पुढे चालू ठेवला.

इथवरची गोष्ट आता जुनी झाली. तिच्यावर पुस्तकं आली, मालिका आल्या, कंपनीमालक सॅकलर कुटुंबाचं नाव संग्रहालयांच्या भिंतींवरून उतरलं. मला रस आहे तो उरलेल्या अर्ध्या गोष्टीत, कारण तिच्यावर मालिका निघत नाही. ज्याला गोळीने धरलं त्याला सुटायचं असेल, तर अशा गावात काय मिळतं?

उपदेश मिळतो. तो भरपूर आणि फुकट.

वास्तविक अफूच्या कुळातल्या या व्यसनावर औषध आहे, आणि ते काल निघालेलं नाही. मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फीन ही त्यातली दोन मुख्य. दोन्ही अफूच्याच गोतावळ्यातली, पण सावकाश चढणारी आणि सावकाश उतरणारी. मेंदूतल्या ज्या जागा हेरॉइन बळकावतं, त्याच जागा ही औषधं अडवून बसतात. अंगातली तडफड थांबते, जुलाब-उलट्या-घाम थांबतो, नशेची लाट येत नाही, आणि माणूस सकाळी उठून कामावर जातो. ब्युप्रेनॉर्फीनचा आणखी एक गुण: एका मर्यादेपुढे त्याचा जोर वाढतच नाही, त्यामुळे श्वास बंद पडण्याची भीती फार कमी. गोळी नाही तर पातळ पट्टी जिभेखाली ठेवायची, गिळायची नाही, विरघळेपर्यंत तोंड बंद ठेवायचं. (हा शेवटचा भाग आमदार-खासदारांनाही लिहून द्यायला हरकत नाही.) ही औषधं नीट चालू असली की मरणाचा धोका जवळपास निम्म्यावर येतो, हे अनेक देशांतल्या अभ्यासांनी दाखवून दिलेलं आहे. फ्रान्सने १९९५ पासून साध्या गल्लीतल्या डॉक्टरला ब्युप्रेनॉर्फीन लिहून द्यायची मुभा दिली आणि चार वर्षांत तिथले अतिमात्रेचे मृत्यू सुमारे ८० टक्क्यांनी खाली आले.

‘म्हणजे एक नशा सोडवून दुसरी लावायची, एवढंच ना?’ असं विचारणारे सद्गृहस्थ प्रत्येक देशात, प्रत्येक सभेत, दुसऱ्या रांगेत बसलेले असतात. त्यांना एवढंच सांगायचं, की पहिल्या नशेत माणूस आईच्या पाटल्या विकतो नि संडासात मरून पडलेला सापडतो. दुसरीत तो मोटारसायकलचे हप्ते भरतो. तुमच्या लेखी दोन्ही सारखंच असेल तर पाटल्या सांभाळा.

अमेरिकेने काय केलं? अमेरिकेने परवाना काढला. २००० साली कायदा झाला, २००२ साली ब्युप्रेनॉर्फीनला मान्यता मिळाली, आणि नियम असा ठरला की हे औषध लिहून द्यायचं तर डॉक्टरने आठ तासांचं वेगळं प्रशिक्षण घ्यावं, वेगळा क्रमांक काढावा आणि सुरुवातीला एका वेळी फक्त ३० रुग्ण घ्यावेत. एकतिसावा दारात आला तर? त्याने थांबावं. थांबेपर्यंत जगला तर पुढच्या वर्षी पाहू. थांबायला तरी खेड्यात डॉक्टर कुठे होते? कित्येक ग्रामीण काउंट्यांमध्ये हा परवाना असलेला एकही डॉक्टर नव्हता. दवाखान्यातल्या वरिष्ठ परिचारिकांना लिहून द्यायची मुभा मिळाली ती २०१६ च्या कायद्याने, आणि त्यांच्यासाठी प्रशिक्षण आठ नव्हे, चोवीस तासांचं. आता यातली मेख पाहा. ज्या ऑक्सिकॉन्टिनने माणूस या दशेला आणला, ते लिहून द्यायला असलं कुठलंही खास प्रशिक्षण लागत नव्हतं, रुग्णांची मर्यादा नव्हती, की निराळा क्रमांक नव्हता. खड्डा खणायला परवाना नको, खड्ड्यातून माणूस काढायला मात्र हवा! ही अट रद्द व्हायला २०२२ चा डिसेंबर उजाडावा लागला. आणि बावीस वर्षांचं सोवळं एका सहीने सुटत नाही. कायदा गेला तरी चिठ्ठ्या काही धो-धो वाढल्या नाहीत, कारण ‘असले’ रुग्ण आपल्या बाकड्यावर, आपल्या नेहमीच्या माणसांशेजारी नकोत, ही अट कुठल्याच कायद्यात लिहिलेली नव्हती. ती रद्द करायची कशी?

मेथाडोनची कथा तर याहून रसाळ. ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलियात ते कोपऱ्यावरच्या औषध दुकानात घेता येतं. अमेरिकेत व्यसनावरचं मेथाडोन फक्त खास परवान्याच्या केंद्रातच, आणि जुन्या नियमाप्रमाणे सुरुवातीला जवळजवळ रोज तिथे जाऊन, कर्मचाऱ्यासमोर पिऊन यायचं. केंद्रं शहरात. माणूस डोंगरात. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. पहाटे उठा, तास-दीड तास गाडी हाका, रांगेत उभे राहा, औषध प्या, तेवढंच अंतर परत या, आणि मग आठच्या पाळीला कामावर ‘वेळेवर’ हजर व्हा. गाडी नसेल तर? गाडीचा परवाना नशेत चालवल्याबद्दल जप्त झाला असेल तर? बस म्हणाल, तर असल्या गावांना शाळेची पिवळी तेवढी येते. वायोमिंग या अख्ख्या राज्यात कित्येक वर्षं असं एकही केंद्र नव्हतं. गोळ्यांच्या ओझ्याखाली चिरडलेल्या आपल्या वेस्ट व्हर्जिनियाने तर २००७ साली नवीन मेथाडोन केंद्रांवर बंदीच घातली. त्याच वर्षी केंद्रीय अंमली पदार्थ खात्याने फिरत्या मेथाडोन गाड्यांना नवे परवाने देणं थांबवलं, ते २०२१ पर्यंत. गोळ्यांच्या ट्रकला रस्ता मोकळा होता, औषधाच्या गाडीला चौदा वर्षं लाल दिवा.

मग कोविड आला. कोविडने जगात फार थोडी चांगली कामं केली, त्यातलं एक हे. रोज रांग लावणं धोक्याचं झालं म्हणून मार्च २०२० मध्ये स्थिर रुग्णांना २८ दिवसांपर्यंतचं मेथाडोन घरी न्यायची मुभा मिळाली आणि ब्युप्रेनॉर्फीन फोनवर बोलून सुरू करता येऊ लागलं. पन्नास वर्षं ज्याची भीती घातली ते आभाळ काही कोसळलं नाही. २०२४ मध्ये मेथाडोनची ती सवलत कायमची झाली. म्हणजे रुग्णावर विश्वास टाकायला सरकारला एक महामारी लागते.

आता ऑस्टिनला येऊ. टेक्सासचं नव्हे, इंडियानाचं. स्कॉट काउंटीतलं साडेचार हजारांच्या आतलं गाव, महामार्गाला लागून. इथे लोकांच्या हाती ओपाना नावाची गोळी होती. पूर्वी ती कुटून नाकाने ओढत. कंपनीने २०१२ साली गोळी अशी बदलली की ती सहज कुटली जाऊ नये. झालं काय, तर लोकांनी नाक सोडलं नि शीर धरली. गोळी महाग, म्हणून एकीचे चार तुकडे करायचे, तापवून विरघळवायचे आणि इन्सुलिनच्या बारीक सुईने टोचायचे. काहीजण दिवसातून चार वेळा, काहीजण पंधरा वेळा. तपासाला गेलेल्या सरकारी आरोग्य पथकांनी नोंदवून ठेवलंय की एकाच घरात, एकाच बैठकीत आजी, मुलगी नि नात टोचून घेत, कधी एकाच सुईने. नव्या सुया कुठून आणायच्या? इंडियानात सुया वाटणं बेकायदा होतं. काउंटीत एचआयव्हीची मोफत तपासणी करणारं एकुलतं केंद्र स्कॉट्सबर्गमध्ये होतं, कुटुंबनियोजनाचं काम करणाऱ्या संस्थेचं. ते २०१३ साली निधीअभावी बंद पडलं. गर्भपाताच्या वादात त्या संस्थेच्या नावाने खडे फोडणं हा राज्याच्या राजकारणातला धंदा होता. या केंद्रात गर्भपात होतच नव्हते, पण खडे फोडताना पत्ता कोण पाहतो.

अख्ख्या गावाला डॉक्टर एक. विल्यम कुक. ज्या काउंटीत वर्षाला एचआयव्हीचे पाचही नवे रुग्ण सापडत नव्हते, तिथे २०१५ च्या सुरुवातीला दर आठवड्याला ढिगाने सापडू लागले. मार्च संपत आला तेव्हा आकडा ऐंशीच्या घरात होता. राज्यपाल होते माइक पेन्स, पुढे ट्रम्प यांचे उपाध्यक्ष झाले तेच. सुया वाटायला त्यांचा तत्त्वतः विरोध. आरोग्य अधिकारी विनवत होते, सुयांच्या बाजूचा नसलेला काउंटीचा शेरीफही शेवटी विनवू लागला. प्रार्थना करून ठरवतो, असं राज्यपाल त्याला म्हणाल्याचं पुढे छापून आलं. देवाच्या कामात ढवळाढवळ करू नये, पण विषाणूला प्रार्थनेची वेळ पाळायची सवय नसते. २६ मार्च २०१५ ला आदेश निघाला: आरोग्य आणीबाणी, सुया बदलून द्यायला परवानगी. किती दिवस? तीस. कुठे? याच काउंटीत. पुढे मुदत वाढली, कायदाही झाला. वर्षअखेरपर्यंत रुग्ण १८० च्या वर गेले, नंतर दोनशे ओलांडले. बहुतेकांना जोडीला हेपाटायटिस सी. येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली मागे वळून हिशेब मांडला, की हालचाल आधी झाली असती तर यातल्या बहुतेक लागणी टळल्या असत्या. सुई काही सेंटांना मिळते. एचआयव्हीच्या एका रुग्णाचा जन्मभराचा उपचार लाखो डॉलरांचा. तत्त्व महागात पडतं ते असं.

सुई-बदल केंद्र म्हणजे काय, ते एकदा जवळून पाहा. माणूस वापरलेल्या सुया पिवळ्या-लाल डब्यात आणून टाकतो, मोजून नव्या घेतो. टेबलापलीकडची बाई विचारते, तपासणी केलीस का? जखम पिकलीय, दाखवतोस का? उपचाराला नाव घालायचंय का? त्या दिवशी तो नाही म्हणतो. पुढल्या खेपेला नाही म्हणतो. एखाद्या खेपेला हो म्हणतो. ज्या माणसाला दवाखान्यात कोणी ‘बसा’ म्हणत नाही, त्याच्याशी सरकारी यंत्रणेचं शिवीशिवाय झालेलं हे एकमेव संभाषण. अशा ठिकाणी येणारे लोक उपचाराला लागण्याची शक्यता न येणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त असते, हे अमेरिकेचं आरोग्य खातंच सांगतं.

स्कॉट काउंटीत हेच झालं. नव्या लागणी २०२० पर्यंत एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या. आणि म्हणून जून २०२१ मध्ये काउंटीच्या आयुक्तांनी दोन विरुद्ध एक मतांनी ते केंद्र बंद करायचं ठरवलं. एका आयुक्तांचं म्हणणं असं, की ओळखीच्या दारुड्याला मी बाटली विकत घेऊन देत नाही, मग सुई कशी देऊ? छत्र्या वाटल्यामुळे पाऊस पडतो, असं मानणाऱ्यांशी वाद घालता येत नाही. त्याच राज्यातल्या लॉरेन्स काउंटीने तर २०१७ सालीच केंद्र बंद केलं होतं. तिथल्या एका आयुक्तांनी मतदान करताना बायबलचा दाखला दिला. ज्या ग्रंथात महारोग्याला हात लावून बरं केल्याची कथा आहे, तोच ग्रंथ.

वॉशिंग्टनने इंडियानाला हसू नये म्हणून आधीच सांगतो, तिथे याहून भारी. सुयांवर केंद्राचा पैसा खर्च करायला १९८८ पासून बंदी. २००९ साली उठली, २०११ साली पुन्हा बसली. ऑस्टिन प्रकरणानंतर, २०१५ च्या अखेरीस, तोडगा निघाला: केंद्राच्या पैशातून सुई-बदल केंद्राची गाडी घ्या, भाडं भरा, पगार द्या, डबे घ्या, पत्रकं छापा. फक्त सुई घेऊ नका. ताकाला जायचं, भांडंही लपवायचं, वर ताकाच्या पैशाचं ऑडिट.

अतिमात्रा झालेल्या माणसाला वाचवणारं औषध नॅलॉक्सोन. हे चालवायला डॉक्टर लागत नाही. माणूस निळा पडलाय, श्वास घरघरतोय किंवा बंदच आहे. डोकं मागे करा, नळी नाकपुडीत घाला, दट्ट्या दाबा. दोन-तीन मिनिटांत जागा झाला नाही तर दुसरी नाकपुडी, दुसरी नळी. त्याला नशा झालेलीच नसेल तरी अपाय नाही. शहरात रुग्णवाहिका काही मिनिटांत येते. डोंगरात तिला अर्धा तास लागतो, आणि प्राणवायूवाचून मेंदू एवढा थांबत नाही. म्हणजे ज्या गावात रुग्णवाहिका उशिरा येते, तिथेच हे औषध घराघरांत असायला हवं. २०२३ साली ते अमेरिकेत चिठ्ठीविना मिळू लागलं. दोन नळ्यांना तेव्हा सुमारे ४५ डॉलर. ज्याच्याकडे ४५ डॉलर शिल्लक आहेत त्याला ते लागायची शक्यता कमी, हा बारकावा असो. काही ठिकाणी ग्रंथालयांत, अग्निशमन केंद्रांत आणि नाणी न टाकता चालणाऱ्या यंत्रांत ते फुकट ठेवलं गेलं. देशातले अतिमात्रेचे मृत्यू २०२२ साली एक लाख आठ हजारांच्या घरात होते, ते २०२४ साली ८० हजारांच्या आसपास उतरले. श्रेय कोणाचं यावर पंडितांची जुंपली आहे. नॅलॉक्सोन त्या यादीत बहुतेकांनी ठेवलेलं आहे.

यावरही सभ्य समाजाचं म्हणणं असतंच. ओहायोतल्या मिडलटाउन गावात २०१७ साली एका नगरसेवकाने प्रस्ताव मांडला. आधीच्या दोन वेळांचा खर्च सार्वजनिक श्रमदान करून फेडला नसेल, तर तिसऱ्यांदा अतिमात्रा झाल्यावर रुग्णवाहिकाच पाठवू नये. प्रस्ताव बारगळला. नाहीतर फोन उचलणाऱ्या मुलीला आधी विचारावं लागलं असतं: श्वास चालू आहे का? नाही? बरं, झाडलोट किती तास केलीय?

आता पैसा. आणि पैसा आला, हे विशेष. औषध कंपन्या, घाऊक पुरवठादार, दुकानांच्या साखळ्या यांनी राज्यांशी केलेल्या तडजोडींची बेरीज ५० अब्ज डॉलरच्या पुढे जाते, वर्षानुवर्षं हप्त्याहप्त्याने येणारी. हा पैसा मुख्यतः व्यसनाच्या प्रश्नावर खर्चावा, असं करारांत आहे. काही ठिकाणी नेकीने खर्चला जातोय: फिरते दवाखाने, तुरुंगात औषध, पूर्वी स्वतः नशेत असलेल्यांना मदतनीस म्हणून पगार. आणि काही ठिकाणी पोलिसांच्या गाड्या घेतल्या गेल्या. केंटकीतल्या एका काउंटीने त्यातले थोडे डॉलर बर्फावर घसरायच्या मैदानाला दिले. तरुणांना निर्व्यसनी करमणूक मिळावी हा उदात्त हेतू. हेतूवर शंका नाही. पण मेथाडोनसाठी तासभर गाडी हाकणाऱ्याला घसरायला आणखी मैदान कशाला हवंय?

या तडजोडींचं एक शेपूट फार कोणाच्या लक्षात आलं नाही. मोठ्या घाऊक पुरवठादारांनी मान्य केलं, की यापुढे नियंत्रित औषधांच्या संशयास्पद मागण्यांवर नजर ठेवू, दुकानागणिक मर्यादा घालू. उत्तम. पण कागदोपत्री ब्युप्रेनॉर्फीनही नियंत्रित औषधच. त्यामुळे खेड्यातल्या एखाद्या दुकानदाराने हिंमत करून ते जास्त मागवलं, की यंत्रणेत लाल दिवा लागतो. महिन्याची मर्यादा संपली म्हणून रुग्ण रिकाम्या हाती परत जातो. चारशे वस्तीच्या गावाला ९० लाख गोळ्या पोचवल्या त्या काळात झोपलेला हा दक्ष पहारेकरी आता टक्क जागा आहे, आणि बरं करणाऱ्या औषधाची पट्टी मोजतोय. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही.

आपण भारतीयांनी यावर मान हलवून ‘अमेरिकेचं असंच’ म्हणायला हरकत नव्हती. एका बाबतीत तर छाती फुगवायलाही जागा आहे: सुया बदलून देणं आणि जिभेखालची गोळी देणं हे आपल्याकडे राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाचा अधिकृत भाग आहे. मणिपूरसारख्या राज्यात हे काम कित्येक वर्षं चालू आहे, त्यासाठी कोणा राज्यपालाला देवासमोर बसावं लागलं नाही. पंजाबचंच घ्या. २०१५ च्या सर्वेक्षणाने तिथे अफूजन्य पदार्थांवर अवलंबून असलेल्यांची संख्या २ लाख ३२ हजार सांगितली, आणि हे लोक रोज मिळून २० कोटी रुपये त्यावर उडवतात असाही अंदाज दिला. कॅप्टन अमरिंदर सिंग यांनी निवडणुकीआधी हातात गुटका साहिब घेऊन चार आठवड्यांत नशेचं कंबरडं मोडायची शपथ घेतली. चार आठवडे गेले, कंबरडं शाबूत. पण त्यांच्याच सरकारने ऑक्टोबर २०१७ पासून बाह्यरुग्ण केंद्रं सुरू केली, भरती व्हायची गरज नाही, या, गोळी घ्या, शेतावर जा. ही केंद्रं आता शेकड्यांनी आहेत. शपथेची बातमी मोठी झाली. गोळीने माणसं जगली, ती बातमी आतल्या पानावर.

तिथलंही दुखणं ओळखीचं. रोज केंद्रावर यायचं म्हणजे रोजंदारीवाल्याचा अर्धा दिवस बुडायचा. कोविडने इथेही गोळ्या घरी न्यायची मुदत वाढवायला लावली. ही गोळी आपल्या देशात साध्या औषध दुकानात मिळत नाही, मान्यताप्राप्त केंद्रातच मिळते. मान्य, तिचाही काळाबाजार होतो. पण मग भिवंडी-मुंब्र्याकडे पोलीस अधूनमधून कोडीनच्या खोकल्याच्या औषधाचे खोकेच्या खोके पकडतात, ते काय केंद्रातून गेलेले असतात? आपल्याकडे व्यसनमुक्ती म्हटलं की पहिलं चित्र येतं ते २६ जूनच्या, अंमली पदार्थविरोधी दिनाच्या फेरीचं: उन्हात उभी केलेली सातवी-ब, हातात पुठ्ठे, पुढे ढोल, मागे तहसीलदार. दुसरं चित्र पुण्याच्या मुक्तांगण केंद्राचं. गर्दची (ब्राउन शुगरची) साथ शहरांत पसरली होती तेव्हा, १९८६ साली, डॉ. अनिता अवचट यांनी ते उभं केलं आणि ते थोर काम आहे. पण लांबलांबून माणसं आजही तिथवर प्रवास करून जातात, यात मुक्तांगणचं जेवढं मोठेपण आहे तेवढीच मधल्या सगळ्या तालुक्यांची लाज आहे.

आणि महाराष्ट्राचा या धंद्यातला खरा वाटा पाहायचा तर पालघरला जा. २०२५ च्या फेब्रुवारीत बीबीसीने दाखवलं, की तिथल्या एका कंपनीकडून टॅपेंटाडॉल हे अफूच्या धर्तीचं वेदनाशामक आणि कॅरिसोप्रोडॉल हे स्नायू सैल करणारं औषध यांच्या मिश्रणाच्या गोळ्या पश्चिम आफ्रिकेत जात होत्या. घाना, नायजेरिया, आयव्हरी कोस्ट. हे मिश्रण जगात कुठेही औषध म्हणून मान्य नाही. घानाच्या तामाले शहरात स्थानिक सरदाराने गावातल्या माणसांचं पथक उभं केलं, त्यांनी त्या गोळ्या धाडी घालून पकडल्या नि पेटवून दिल्या. इकडे बातमी झळकल्यावर मात्र आपली यंत्रणा विजेसारखी हलली. काही दिवसांत अधिकारी कारखान्यात पोचले, साठा जप्त झाला, उत्पादन थांबवलं गेलं, दिल्लीने त्या मिश्रणाचे निर्यात परवाने मागे घेतले. तत्परतेला दाद दिली पाहिजे. तामालेत ज्यांचं अंग आता त्या गोळीवाचून उठत नाही, त्यांना जिभेखाली ठेवायला काय द्यायचं आणि ते कोणी द्यायचं, हे कोणी विचारलं नाही. निर्यातीच्या अर्जात तसा रकाना नसतो.